वात

पुस्तकात चित्र आहे. ढगाला फुटलेली काळी सोंड,
खाली कुठल्यातरी परमुलखातलं लाकडी घर,
आणि स्वाध्यायात प्रश्न :
घूर्णवात कसा तयार होतो ते थोडक्यात लिहा.
थोडक्यात.
आठवीचा वर्ग, मानवतच्या पुढं पाच किलोमीटर,
एप्रिल, सकाळची शाळा,
नऊलाच पत्रे कडकडायला लागलेले,
लाईट नाही.

मी फळ्यावर बाण काढले.
तांबडा वर, तापलेली हवा. निळा खाली, गार.
पोरांनी बाण उतरवून घेतले, टोकांसकट,
अन् गंगासागर म्हणाली,
मॅडम, वर जाती ते कळलं.
पण फिरती कामून?

डी.एड.ला मला हे कुणी विचारलं नव्हतं.
मीही कुणाला नव्हतं विचारलं.

खिडकीच्या गजाला कापसाचा पुंजका अडकला होता,
फरदडीचा, पिवळट,
जिनिंगला जाणाऱ्या कुठल्याशा टेम्पोतून उडालेला.
तो काढला. विचारलं, वात कुणाला वळता येते?
पोरी गप्प. मागच्या बाकावरून
विश्वांभरचा हात अर्धा वर आला
आणि वर्ग फिदीफिदी हसला.
त्याच्या आईचा बचत गट आहे. हजार वातींमागं किती मिळतात
ते तो सांगत नाही.

त्यानं पँट पोटरीपर्यंत दुमडली,
राख नव्हती म्हणून बोटाला खडूची भुकटी लावली,
आणि एका सरकीत वात वळली. हसणं थांबलं.

बघा, म्हटलं. खाली पाय, तो जागचा हलत नाही.
वर तळहात, तो सरकतो.
मधल्या कापसाला दोघांचंही ऐकावं लागतं
म्हणून तो लोळतो.
खालचा वारा पऱ्हाट्यांत, बाभळीत, बांधाबांधाला अडखळणारा.
वरचा मोकळा, सुसाट, त्याची दिशाच दुसरी.
त्या दोघांच्या मध्ये हवेची वात वळली जाते,
कोसभर लांब,
आडवी,
आपल्या डोक्यावर, कुणाला न दिसता.

अलमास नदाफ, जिचे अब्बा गाद्या भरतात, लगेच म्हणाली,
आडवी ना? मग चित्रात उभी कशी?

विश्वांभरनं वात टेबलावर उभी केली. पडली.
पुन्हा केली. पडली.
उचलावी लागती, म्हणाला, मधी धरून.

हां. ते काम तांबड्या बाणाचं.
दमट, तापलेली हवा खालून उसळते,
आडव्या वातीला पोटातून वर रेटते,
वात कमानीसारखी वाकते,
तिचा एक पाय ढगात उभा राहतो
आणि जितका बारीक होईल तितका...

तेवढ्यात मैदानात वावटळ उठली.
पुरुषभर उंच, पोषण आहाराचं रिकामं पोतं घेऊन.
अर्धा वर्ग खिडकीशी. दोघंजण थुंकले, सवयीनं.
भूत नाही रे, मी म्हटलं. पण ती म्हणजे ही नव्हे.
ही मातीतून उठते, ती ढगातून उतरते.
बहिणी हायत का? नाही. चाल सारखी, घर वेगळं.

मग मागच्या साली आमच्या गोठ्याचे पत्रे?
विश्वांभर खिडकीशी गेलाच नव्हता.
सोळा होते. नऊ घावले, एक लिंबाच्या शेंड्याला.
ते काय होतं?

मला माहीत नव्हतं.
कदाचित सरळ धावणारं साधं वादळ. तिथं मोजायला कुणी नव्हतं.
तलाठ्यानं कागदावर नुसतं 'वारा' लिहिलं, तो म्हणाला.

मग मी होतं ते सांगितलं.
एवढं सगळं जुळून आलं तरी बहुतेक ढग तसेच निघून जातात.
एखादाच सोंड काढतो.
तोच का, ते मोठमोठ्यांनाही अजून धड उमगलेलं नाही.

गंगासागर लिहीत होती. वाकून पाहिलं :
'कामून ते अजून माहीत नाही.'
खाली पट्टीनं मारलेली रेघ.
परीक्षेत हे लिहू नको, असं ओठांवर आलं होतं.

दहाला लाईट आली. पंखा कुरकुरत फिरायला लागला,
टेबलावरची वात लोळत काठापर्यंत गेली.
विश्वांभरनं ती खाली पडू दिली नाही.
खिशात टाकली,
मोजणीत धरतो म्हणाला.